देवळं, मशिदी, चर्च आणि उंच उंच टॉवर: जग बघायला निघालेल्या नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कॉलनीतले, नात्यातले, सकाळी गंगापूर रोडला फिरायला भेटणारे सगळे मला तेच तेच विचारतात, "ताई, अमुक ठिकाणी चाललोय, काय बघू?" दर वेळी व्हॉट्सअपवर लांबलचक टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. शॉपिंग, क्रूझ, थीम पार्क वगैरे इथे शोधू नका, हे फक्त बिल्डिंगा बघणाऱ्यांसाठी आहे.

आम्ही काही आर्किटेक्चर शिकलेलो नाही. नुसतं "वा, काय भारी" म्हणून पुढे जायचं की अजून काही बघायचं असतं?

शिकायची काही गरज नाही हो. कुठल्याही बिल्डिंगमध्ये शिरलात की तीन गोष्टी शोधायच्या, छप्पर कशावर उभंय, उजेड कुठून येतोय आणि पाणी कुठे जातंय. एवढंच. स्टाइलची नावं, राजांची नावं, सनावळ्या नंतर आपोआप येतात, नाही आली तरी काही बिघडत नाही.

उदाहरण म्हणून रोमचं पँथिऑन हे जुनं देऊळ घ्या, साधारण इ.स. १२६ चं, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरं झालेलं. घुमट ४३.३ मीटर रुंद, काँक्रीटचा, आणि आत एक सळई नाही. मग उभा कसा? तर खाली जाडजूड, वर जाता जाता पातळ होत गेलेला, आणि माथ्याकडच्या काँक्रीटमध्ये जड खडीच्या ऐवजी हलका ज्वालामुखीचा दगड घातलेला. उजेड कुठून? घुमटाच्या डोक्यावर साधारण ९ मीटरचं गोल भोक आहे, काच नाही, झाकण नाही, तिथूनच ऊन आत येतं आणि दिवसभर भिंतीवरून फिरतं. मग पाऊस? पाऊस सरळ आत पडतो! फरशी मधे किंचित फुगीर ठेवलीय आणि तिला बारीक भोकं आहेत, पाणी निघून जातं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच खोलीत मिळतात, म्हणून नवख्या माणसाला मी आधी तिकडेच पाठवते. इ.स. ६०९ पासून ते चर्च आहे, तेव्हा आत गेल्यावर आवाज जरा कमी.

परदेशात जायच्या आधी घरी काही तयारी करता येते का?

करता येते काय, केलीच पाहिजे, आणि त्यासाठी व्हिसा लागत नाही. एक रविवार काढा आणि सिन्नरला गोंदेश्वराला जा. नाशिककर शिर्डीला जाताना सिन्नरवरून शंभर वेळा जातात पण गाडी आत वळवत नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं. यादवांच्या काळातलं पंचायतन, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं, शिखर भूमिज शैलीचं, म्हणजे शिखराच्याच लहान लहान प्रतिकृती एकावर एक रांगेत चढत गेलेल्या.

आता सभामंडपात उभं राहून वर बघा. तिथे कमान नाही. दगडाचा एक थर खालच्या थराच्या थोडा पुढे, त्याच्यावरचा अजून थोडा पुढे, असं करत करत छत मिटवत नेलंय. या पद्धतीत फार मोठी मोकळी जागा झाकता येत नाही, म्हणून खांब जवळ जवळ, म्हणून गाभारा लहान आणि अंधारा. अंधार देवासाठी मुद्दाम आहे असं आपण म्हणतो ते खरंच आहे, पण त्याच्यामागे दगडाचं गणितही आहे. हे एकदा डोक्यात बसलं की इस्तंबूलला आया सोफियाच्या घुमटाखाली उभं राहिल्यावर तुम्हाला आपोआप कळेल की त्या लोकांनी नक्की काय वेगळं केलं.

मग पांडवलेणी. पायऱ्या चढायच्या म्हणून व्यायामाला जाणारे खूप, थांबून बघणारे कमी. २४ लेणी, त्यातलं १८ नंबरचं चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन. त्याच्या दर्शनी भागात लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलीय, म्हणजे आधी लाकडात जे करायचे तेच पुढे डोंगरात कोरलं, सवय सुटत नाही माणसाची. मग सुंदरनारायणाचं देऊळ बघा. तिथे कमानी दिसतील, फुगीर घुमट दिसतील, पेशवाईपर्यंत आपल्या गवंड्यांनी मुसलमानी बांधकामातलं काय काय उचललं आणि आपलंसं केलं ते समोरच दिसतं. आणि २१ मार्चच्या सुमारास उगवतीचं ऊन तिथे थेट मूर्तीवर पडतं, आपला उजेडाचा प्रश्न. पाण्याचा प्रश्न बघायचा तर नारोशंकराचं देऊळ. गोदावरीचे पूर अंगावर घेत ते १७४७ पासून उभं आहे, आणि आपल्याकडे पूर किती आला हे दुतोंड्या मारुतीवरून मोजतात हे तुम्हाला सांगायला नकोच.

पहिल्यांदाच असं काही बघायला निघतोय. एकदम युरोप करू का?

नका करू. आधी मुंबई करा. हसू नका! सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, ती तुम्हाला थेट एका जागतिक वारशाच्या बिल्डिंगमध्येच उतरवते. सीएसएमटी, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. आपण नाशिककर तिथे उतरून टॅक्सीच्या रांगेकडे पळतो. त्या दिवशी पळू नका, बाहेर रस्ता ओलांडा आणि वळून बघा, घुमट, खिडक्यांवरची कोरीव पानं, प्राणी, मोर, माकडं सगळं आहे.

मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधे उभं राहायचं. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, म्हणजे १९ व्या शतकातलं टोकदार गॉथिक, आणि पाठ फिरवली की १९३० च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, त्यात लोक अजून कपडे वाळत घालतात. दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत आलं. एवढ्या छोट्या जागेत दोन काळ समोरासमोर बघायला जगात फार ठिकाणी मिळत नाहीत. तिथून चालत काळा घोड्याला निळं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), केनेसेथ एलियाहू, १८८४ चं. बरेच नाशिककर सिनेगॉग पहिल्यांदा तिथेच बघतात. संध्याकाळी तीच पंचवटी परत. एवढ्या दिवसात कंटाळा आला तर युरोपचे पैसे वाचले असं समजा.

दुबई-अबुधाबीचं पॅकेज घेतलंय. बुर्ज खलिफा सोडून काय?

बुर्ज खलिफा सोडू नका, फक्त वर जायच्या तिकिटाइतकाच वेळ खाली उभं राहून बघण्यात घाला. ८२८ मीटर, २०१० ला उघडला. वरून बघितलं तर आकार इंग्रजी वाय सारखा, तीन पंख आणि मधे एक गाभा, प्रत्येक पंख बाकीच्या दोघांना टेकू देतो. आणि वर जाताना तो पायऱ्या पायऱ्यांनी निमुळता होतो ते नुसतं शोभेला नाही, प्रत्येक उंचीवर आकार बदलला की वाऱ्याला एकाच तालात धक्के देता येत नाहीत. म्हणजे छप्पर कशावर उभंय या प्रश्नाला तिथे वाराही जोडायचा.

पण माझं मत विचाराल तर खरा दिवस अबुधाबीला ठेवा. शेख झायेद मशीद, ८२ घुमट, पांढराशुभ्र संगमरवर, आत इराणमध्ये विणलेला एकच गालिचा, ५,६०० चौरस मीटरपेक्षा मोठा. प्रवेश फुकट पण ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. मग बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेचं मंदिर, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं. सात शिखरं म्हणजे सात अमिराती, बाहेरून राजस्थानचा गुलाबी दगड, आत इटलीचा संगमरवर, सगळं भारतात कोरून तिकडे नेऊन जोडलेलं. यालाही आधी रजिस्ट्रेशन करा.

आणि जिथे टूरवाले सहसा नेत नाहीत ते सादियात बेटावरचं अब्राहमिक फॅमिली हाऊस. मशीद, चर्च, सिनेगॉग, तीन ठोकळे एकाच मापाचे, एकमेकांशेजारी, आर्किटेक्ट डेव्हिड अडजाये, २०२३ ला उघडलं. कोणी मोठं नाही कोणी लहान नाही, पण तिघांची तोंडं वेगळ्या दिशांना आणि तिघांचा उजेड वेगळा. मला ते शेख झायेदपेक्षा जास्त आवडलं, घरात कोणाला पटत नाही ते सोडा. तिथून लूव्र अबुधाबी जवळच आहे, जाँ नुव्हेलचा १८० मीटर रुंद जाळीदार घुमट, खाली उन्हाचे ठिपके पडतात, भर दुपारी जा.

एकच शहर निवडायचं असेल तर?

इस्तंबूल. विचार न करता. कारण एकाच कोड्याची उत्तरं तिथे एकापाठोपाठ एक बघायला मिळतात. कोडं असं की खोली चौकोनी, तिच्यावर गोल घुमट कसा बसवायचा, तोही मधे खांब न लावता?

आया सोफिया ५३२ ते ५३७ मध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांत बांधली, बांधणारे दोघं, अँथेमियस आणि इसिडोर, गणितातले लोक. घुमट साधारण ३१ मीटर रुंद. चार कोपऱ्यांत चार वाकडे त्रिकोण घेऊन चौकोनाचा गोल केला आणि घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्या ठेवल्या, त्यामुळे खालून बघताना घुमट उजेडावर तरंगतोय असंच वाटतं. पण पहिला घुमट जरा चपटा होता, चपटा घुमट भिंतींना बाहेर जास्त ढकलतो, भूकंपांनी खिळखिळा होऊन तो ५५८ ला पडला. मग दुसरा घुमट मुद्दाम उंच बांधला, तोही पुढे थोडा थोडा पडला, डागडुजी होत गेली. चर्च, मग १४५३ नंतर मशीद, मग विसाव्या शतकात म्युझियम, २०२० पासून परत मशीद. सध्या पर्यटकांना तिकीट काढून वरच्या गॅलरीत सोडतात, खालचा भाग नमाजाला येणाऱ्यांसाठी. वरून दिसणारं सोनेरी मोझेक सावकाश बघा.

त्यानंतर हजार वर्षांनी सिनान नावाचा ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांच्या काळातला, आर्किटेक्ट आला, त्याने आयुष्यभर त्याच कोड्याशी कुस्ती केली. सुलेमानिये मशीद, १५५० ते १५५७. मोठा घुमट, पुढे मागे अर्धे घुमट, आणि बाजूच्या भिंती मोकळ्या केल्यामुळे आतून एकदम प्रशस्त. मला विचाराल तर निळ्या मशिदीपेक्षा ही दहा पटींनी चांगली, गर्दी कमी, आणि मागच्या अंगणातून खाली समुद्राची खाडी दिसते. निळी मशीद सहा मिनारांमुळे फोटोत छान येते, तेवढी बघून घ्या. नमाजाच्या वेळी या मशिदी पर्यटकांना बंद असतात, शुक्रवारी दुपारी तर बराच वेळ, तेव्हा शुक्रवारचा दिवस बाजार बघायला ठेवा.

बार्सिलोनाचं ते चर्च इतकी वर्षं बांधतायत, अजून पूर्ण नाही. अर्धवट बिल्डिंग बघायला एवढे पैसे का द्यायचे?

सग्रादा फामिलिया. १८८२ ला सुरुवात, पुढच्याच वर्षी गौदी या आर्किटेक्टच्या हातात आलं, १९२६ ला तो ट्रामखाली सापडून गेला तेव्हा थोडंच झालेलं. २०१० ला पोपनी त्याची विधिवत प्रतिष्ठापना केली, २०२५ मध्ये मधला मनोरा वाढून ते जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं, जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून. त्या मनोऱ्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर, म्हणजे शहरातल्या मोंटज्युइक टेकडीपेक्षा थोडीशी कमी, कारण माणसाचं काम देवाच्या कामापेक्षा उंच नको असं गौदीचं म्हणणं.

पैसे का द्यायचे ते आत गेल्यावर कळतं. खांब वर जाऊन झाडासारखे फांद्यांत फुटतात, तिरपे. हे गौदीने कसं काढलं? तो दोरे उलटे टांगायचा, त्यांना छोट्या वजनांच्या पिशव्या बांधायचा, दोरा वजनाने जो आकार घेईल तो उलटा केला की दगडाच्या कमानीचा योग्य आकार मिळतो. दोरीत नुसता ताण असतो, उलटं केलं की नुसता दाब, आणि दगडाला दाबच झेपतो. कंप्युटर नव्हता हो, दोरे आणि पिशव्या.

आणि उजेड! पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-नारिंगी. म्हणजे सकाळी गेलात तर एक चर्च बघाल आणि संध्याकाळी गेलात तर दुसरं. मी चार-पाचच्या पुढचा स्लॉट घ्या म्हणेन. तिकीट आधी ऑनलाइन, वेळ ठरवून. आयत्या वेळी जाऊन उभं राहाल तर बाहेरूनच फोटो काढून यावं लागेल.

वेरूळ-पांडवलेणीसारखं डोंगरात कोरलेलं बाहेर कुठे आहे का?

आहे ना. इथिओपियात लालीबेलाला ११ चर्च अखंड खडकातून कोरलेली आहेत, त्यातलं संत जॉर्जचं चर्च वरून बघितलं तर सरळ क्रॉसचा आकार, जमिनीच्या पातळीला छप्पर आणि चर्च खाली खड्ड्यात. वेरूळच्या कैलास लेण्यासारखंच वरून खाली कोरत आलेले. आपण वेरूळ बघितलेले लोक म्हणून आपल्याला त्याची किंमत जास्त कळते. फक्त त्या भागातली परिस्थिती गेली काही वर्षं ठीक नाही, तेव्हा सरकारी प्रवास सूचना बघूनच ठरवा.

सोपं हवं असेल तर हेलसिंकी. टेम्पेलिआउकियो चर्च, १९६९, सुओमालाइनेन नावाच्या दोघा भावांनी केलेलं. शहरातल्याच एका खडकात खड्डा खणला, भिंती तशाच ओबडधोबड ठेवल्या, वर तांब्याचा घुमट आणि त्याच्या कडेने काचा. त्या खडबडीत भिंतींमुळे आवाज इतका सुंदर घुमतो की तिथे सारख्या मैफली होतात. पांडवलेणीच्या चैत्यात कोणी हळू आवाजात बोललेलं ऐकलं असेल तर तुम्हाला लगेच पटेल.

आणि दगडाचा विषय निघालाच आहे तर रेक्याविक. आपला काळाराम काय, त्र्यंबकेश्वर काय, सगळं काळ्या बेसाल्टचं, लाव्हा थंड होऊन झालेला दगड. आइसलँडही सगळा तोच. तिथलं हालग्रिम्सकिर्क्या चर्च, ७४.५ मीटर उंच, बेसाल्टचे जे सहा कोनी खांब निसर्गात तयार होतात त्यांच्यावरून समोरची बाजू काढलीय, पण बांधलंय काँक्रीटमध्ये. १९४५ ला सुरू, १९८६ ला पूर्ण. आम्ही दगड कोरून फुलं काढली, त्यांनी काँक्रीट ओतून दगड काढला.

मॉडर्न बिल्डिंगा म्हणजे काचेचे डबे. त्यात बघण्यासारखं काय असतं?

बऱ्याच डबेच असतात, खोटं कशाला बोलू. कॉलेज रोडलाही कमी नाहीत. पण काही अशा असतात की त्यांच्यासाठी विमानाचं तिकीट काढावं.

सिडनी ऑपेरा हाऊसचं उदाहरण घ्या. योर्न उट्झोन या डॅनिश आर्किटेक्टने शिडांसारखं चित्र काढून स्पर्धा जिंकली पण ती शिडं बांधायची कशी हे कोणालाच कळेना, प्रत्येकाचा बाक वेगळा. काही वर्षं डोकेफोड झाल्यावर उत्तर सापडलं, सगळी शिडं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची. मग बाक एकच, साचे तेच तेच वापरता येतात, वरच्या दहा लाखांहून जास्त टाइल्सही नेमक्या बसतात. पण सरकारशी भांडण होऊन उट्झोन १९६६ ला निघून गेला, १९७३ ला उद्घाटन झालं, आणि तो पुन्हा कधी ते बघायला गेलाच नाही. हे माहीत असलं की ती टाइल बघताना वेगळंच वाटतं.

क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर, १९९८, ४५२ मीटर. मजल्याचा नकाशा आठ टोकांच्या इस्लामी ताऱ्यावरून घेतलाय. मशिदीच्या जाळीत दिसणारा आकार ८८ मजले वर गेलाय. सिंगापूरच्या मरीना बे सँड्सवर ती बोट ठेवल्यासारखी ३४० मीटर लांब गच्ची, तीन टॉवर वेगवेगळे हलतात म्हणून ती गच्चीही तुकड्यांत, मधे सांधे सोडून केलीय. एवढं शोधायला लागलात की डबा राहत नाही.

आणि आपलं चंदीगड! आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१६ पासून जागतिक वारसा. ओळखपत्र घेऊन जा, गाईडबरोबरच आत सोडतात. खिडक्यांपुढे काँक्रीटच्या खोल चौकटी आहेत, ऊन आत येऊ नये म्हणून. पूर्वी वाड्यांना खोल पडव्या का असायच्या ते आठवा.

मग मॉडर्न देऊळ, मॉडर्न मशीद असं काही असतं का? की देव म्हटला की जुनीच नक्कल?

इथे मला फार बोलायचं असतं पण आवरते.

ढाक्याची बैत उर रौफ मशीद बघा, आर्किटेक्ट मरीना तबस्सुम, २०१२. जागा तिच्या आजीने दिली, पैसा लोकवर्गणीतून. घुमट नाही, मिनार नाही, साध्या विटा. छताला गोल भोकं आहेत, त्यातून उन्हाचे गोल ठिपके जमिनीवर पडतात, विटांमधल्या फटींतून वारा खेळतो. २०१६ ला तिला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला. म्हणजे मशीद म्हणून ओळखू यायला जे लागतं असं आपल्याला वाटतं ते काहीच तिथे नाही, तरी आत गेल्यावर शंका येत नाही.

जपानमध्ये ओसाकाजवळ इबाराकीला चर्च ऑफ द लाइट, ताडाओ आंदो, १९८९. काँक्रीटची साधी पेटी आणि समोरच्या भिंतीत आरपार कापलेला क्रॉस, त्यातूनच उजेड. संपलं. बजेट इतकं कमी होतं की बाकं परांचीच्या फळ्यांची केली. आधी बुकिंग लागतं.

दिल्लीचं लोटस टेंपल तुम्ही बघितलं असेलच, १९८६, फरीबोर्झ साहबा, २७ पाकळ्या, सगळ्या धर्मांना खुलं, आत मूर्ती नाही, सोमवारी बंद. तिथे आत फोटोसाठी धडपडू नका, शांत बसा.

आता आपल्याकडे नवीन देवळं अजून जुन्याच पद्धतीने कोरतात, लंडनचं नीस्डनचं मंदिर १९९५ चं, बल्गेरियाचा चुनखडी दगड, इटलीचा संगमरवर, आणि सांगाड्यात लोखंड नाही कारण लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. मला त्याच्या कारागिरीबद्दल आदर आहे, पण ढाक्याच्या त्या बाईसारखं कोणीतरी आपल्याकडे एखादं देऊळ करून बघावं असं मनापासून वाटतं. यावर नातेवाइकांशी माझी भांडणं झालीयत, होऊ देत.

दुसऱ्या धर्माच्या जागेत गेलेलं चालतं का? कोणी अडवलं तर?

बहुतेक प्रसिद्ध ठिकाणी चालतं, प्रार्थनेची वेळ सोडून. काही ठिकाणी फक्त त्या धर्माच्या लोकांनाच आत सोडतात, तिथे वाद घालू नका, बाहेरून बघा. जाणवतं ते जाणवतंच. ज्या गावात २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला त्या गावच्या आपल्याला दार बंद असणं म्हणजे काय हे जास्त कळायला हवं.

आत प्रार्थना चालू असेल आणि पाहुण्यांना बसू देत असतील तर मागच्या बाकावर बसा. चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला की तिथली छपरं एवढी उंच का केलीत ते कानाला कळतं, कुठलाही गाईड ते सांगू शकणार नाही.

आईला साडीच नेसायचीय. चालेल का? आणि आमच्या हाफ पँटी?

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडीवर शाल घेतली की प्रश्न मिटला. अबुधाबीच्या मशिदीत बायकांनी डोकं आणि अंग पूर्ण झाकायचं, तेव्हा साडीवरून अबाया घालावा लागेल किंवा त्या दिवशी फुल बाह्यांचा सैल सलवार कुर्ता. कंबोडियातल्या अंगकोर वाटला सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं तर खांदे-गुडघे झाकूनच. हाफ पँट हॉटेलात ठेवा. पर्समध्ये एक मोठी सुती ओढणी असली की निम्मी अडचण संपते.

बाबांचे गुडघे दुखतात. काय टाळू?

अंगकोरचे जिने टाळा, उभे आणि अरुंद आहेत, खालच्या भिंतीवरचं समुद्रमंथनाचं कोरीवकाम बघण्यातच त्यांचा दिवस जाईल आणि त्यांना गोष्ट माहीत असल्यामुळे गाईडला तेच शिकवतील. सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या, लिफ्टने गच्चीपर्यंत गेलात तरी पुढे ३२० उरतात आणि शेवटी भिंत अंगावर कलते, नकोच. मलेशियातल्या बाटू केव्हजला २७२. रेक्याविकच्या चर्चला लिफ्ट आहे. शेख झायेदला चालणं भरपूर पण व्हीलचेअर मिळते.

जळालेलं, परत बांधलेलं बघण्यात अर्थ आहे का? ते काय खरं जुनं नाही ना?

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चबद्दल हा प्रश्न हमखास येतो. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, लाकडी छप्पर आणि वरचा सुळका गेला, डिसेंबर २०२४ ला परत उघडलं. ओकच्या लाकडाचं छप्पर परत ओकमध्येच, बरंचसं कुऱ्हाडीने तासून केलं. आतला दगड धुऊन इतका उजळ झालाय की जुने लोक म्हणतात हे आमचं नाही.

जपानचं क्योतोचं सोन्याचं मंदिर १९५० ला जळलं, १९५५ ला परत उभं केलं. इसेचं मंदिर तर दर २० वर्षांनी मुद्दाम नवीन बांधतात, शेवटचं २०१३ ला. लाकूड नवं, पण सुताराच्या हातातलं कसब जुनं, ते हरवू नये म्हणूनच. जर्मनीत कोलोनच्या चर्चला दगड बदलायचं काम कायमच चालू असतं. आपल्या सुंदरनारायणाच्या दुरुस्तीतही झिजलेले दगड बदलावे लागलेच की, म्हणून ते देऊळ खोटं झालं का? माझ्या मते अर्थ आहे, फक्त नवीन काय आणि जुनं काय ते आधी विचारून घ्या.

दिवसाला किती ठिकाणं करावीत?

दोन. एक सकाळी, एक दुपारनंतर. टूरवाले सात दाखवतात, त्यातली पाच बसच्या खिडकीतून. तुम्हाला यादी भरायची असेल तर भरा, पण संध्याकाळी कुठलं चर्च कुठलं होतं हे फोटो बघून ओळखावं लागलं तर मला विचारू नका.

मुलं कंटाळतात, काय करू?

त्यांना काम द्या. नोत्र दामच्या भिंतीवरचे राक्षस शोधायला सांगा, त्यातले बरेचसे खरं म्हणजे पावसाचं पाणी लांब फेकायचे पन्हाळे आहेत, मग विचारा आपल्या देवळात पाणी कुठून बाहेर पडतं, गोमुख आठवेल. सिंगापूरच्या सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाखाली काळा पट्टा आहे, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा, गरिबांनी दान दिलेल्या. हे ऐकलं की पोरं पंधरा मिनिटं वर बघत राहतात.

कॅमेरा कुठला न्यावा?

फोन पुरे. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, सिस्टीन चॅपेलमध्ये फोटोलाच बंदी. त्या पैशात छोटी दुर्बीण घ्या, छतावरची चित्रं आणि शिखरावरचं कोरीवकाम त्यातून जे दिसतं ते कुठल्याही फोटोत येत नाही, आणि गोंदेश्वरालाही उपयोगी पडते.

फुकट काय काय आहे?

सेंट पीटर्स (रांग लांब, सकाळी लवकर जा), नोत्र दाम, सुलेमानिये, निळी मशीद, शेख झायेद, लोटस टेंपल. पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, पण थोडंच.

शूज काढावे लागतात तिथे ठेवायचे कुठे?

इस्तंबूलच्या मशिदींत दाराशी रॅक असतात, कधी पिशवी देतात. आपली एक कापडी पिशवी जवळ ठेवा आणि मोजे घाला, थंडीत संगमरवर गार लागतो.